राखणाऱ्याची जागा

१८६४ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज येथील रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने टॉम मॉरिस या माणसाला आपले मैदान राखण्यासाठी नेमले. पगार ठरला वर्षाला पन्नास पौंड. हाती दिले एक हातगाडी, एक फावडे आणि एक खोरे. जड कामाला मदत म्हणून आठवड्यातले दोन दिवस एक मजूर. मॉरिस त्या काळचा नावाजलेला खेळाडू होता. ओपन स्पर्धा त्याने चार वेळा जिंकली. पण क्लबने त्याला बोलावले ते गवत, वाळू आणि खळगे यांची रोज काळजी घ्यायला. १९०३पर्यंत तो त्या कामावर होता. गोल्फचे मैदान राखणाऱ्यांचा जो स्वतंत्र व्यवसाय आज जगभर उभा आहे, त्याचा मूळपुरुष म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

या नेमणुकीनंतर ८७ वर्षांनी आपल्या भागात नेमके उलटे घडले. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आपले आमगाव भंडारा जिल्ह्यात. मालकी हक्क संपुष्टात आणणाऱ्या १९५०च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. कुळांच्या पाठीवर उभी असलेली ती व्यवस्था होती आणि तलावाच्या पाळीवर पडलेल्या मातीत वेठीचा घामही होता. परंतु मालगुजार गेला तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिची नोंद कोणी घेतली नाही. तलाव राखण्याची जबाबदारी अंगावर असलेला माणूस गेला. तलाव सरकारचे झाले, पुढे जिल्हा परिषदांकडे आले. कागदोपत्री मालक बदलला, पण पावसाळ्याआधी पाळीवरून चालत जाणारा माणूस कोणी नेमला नाही.

या दोन घटना एकत्र मांडण्याचे कारण आहे. आमगावात गोल्फचे मैदान नाही, आणि ते व्हावे असा आमचा आग्रहही नाही. मात्र एक गोष्ट त्या खेळाने शिकली आणि आपण विसरलो: उभारलेली वस्तू टिकवायची तर ती राखणाऱ्या माणसाची जागा आधी पक्की करावी लागते. त्या जागेला नाव हवे, पगार हवा, अधिकार हवा आणि शिक्षण हवे.

गोल्फच्या मैदानाची सुरुवात फार साधी होती. समुद्रकाठच्या वाळवट माळावर मेंढ्या चरत, त्यांच्या चरण्यानेच गवत आखूड राही. १८३० साली एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापण्याचे यंत्र काढले. कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ती कल्पना सुचली होती. तरीही यंत्राने गवत फक्त कापले जाते. ते जगवायचे कसे, हे टॉम मॉरिससारख्यांनी काम करता करता शोधले. गवतावर वाळूचा पातळ थर वेळोवेळी पसरला तर पृष्ठभाग सपाट होतो आणि गवत दाट येते, हे त्याच्या ध्यानात आले. ती पद्धत आजही जगातल्या प्रत्येक चांगल्या मैदानावर चालते. रविवारी खेळ बंद ठेवून जमिनीला विश्रांती द्यायची यावर तो ठाम होता. सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान आजही बहुतेक रविवारी खेळासाठी बंद असते. क्लबचे सभासद उमराव आणि सावकार होते, मैदान राखणारा विणकराचा मुलगा होता. तरी गवताच्या बाबतीत शब्द त्याचा चाले.

हे काम आज कसे चालते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. दिवस उजाडण्याआधी सुरू होतो, कारण पहिला खेळाडू येण्याआधी कापणी उरकायची असते. प्रत्येक खळग्याभोवती जो गुळगुळीत हिरवा गालिचा असतो त्याला ग्रीन म्हणतात. तिथले गवत साधारण तीन मिलिमीटर उंचीवर कापतात. इतक्या आखूड गवताला अन्न बनवायला पानच जेमतेम उरते, त्यामुळे पाणी, खत, हवा यांतली एका दिवसाची हयगयही त्याला सोसत नाही. दवाने ओली पाती आधी झटकून घ्यायची, नाहीतर बुरशी धरते. काल यंत्र ज्या दिशेने फिरवले त्याच्या आडव्या दिशेने आज फिरवायचे, नाहीतर गवत एका अंगाला झुकते.

मग खळगा हलवायचा. खळग्याचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर; हे माप १८९१पासून ठरलेले आहे. एकाच जागी रोज पावले पडली तर गवत मरते, म्हणून खळग्याची जागा सतत बदलतात. नव्या जागी गोल पात्याचे अवजार सरळ उभे दाबून मातीचा गड्डा गवतासकट उचलायचा आणि तो जुन्या खळग्यात बसवायचा. गड्डा किंचित वर राहिला तर यंत्र त्याचे डोके भादरते, किंचित खाली गेला तर चेंडू तिथे थबकतो. म्हणून बसवणारा माणूस गुडघे टेकून, तळहाताने चाचपून बघतो. खाली बोटभर सुरी खुपसून मुळे किती खोल गेलीत तेही तो पाहतो. खेळाडूला यातले काहीच दिसत नाही. काम चोख झाले म्हणजे ते झाल्याची खूणसुद्धा उरत नाही, आणि या व्यवसायाची उपेक्षा इथूनच सुरू होते.

आमगावच्या शेतकऱ्याला या कामातले जवळपास सगळे कळेल. आपण बांधीत चिखलणी करतो ती पाणी खाली जाऊ नये म्हणून. मातीची छिद्रे बुजवून तळ घट्ट करतो. मैदान राखणाऱ्याची धडपड बरोबर उलटी असते. अमेरिकी गोल्फ संघटनेने १९६०मध्ये ग्रीनच्या बांधणीचा जो नमुना घालून दिला, त्यात सुमारे तीस सेंटिमीटर वाळू आणि तिच्याखाली दहा सेंटिमीटर खडी असते. जास्तीचे पाणी तिथे थांबताच कामा नये. एक पाणी धरतो, दुसरा पाणी सोडतो, पण माती पाण्याशी कशी वागते याचे ज्ञान दोघांनाही सारखेच लागते. धानावर करपा आणणाऱ्या बुरशीच्या कुळातलीच बुरशी काही मैदानी गवतांवर करड्या ठिपक्यांचा रोग आणते. रोपाकडे रोज पाहणाऱ्यालाच तिची पहिली चाहूल लागते.

आणि गवत तरी कोणते? उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर जे गवत सर्रास असते त्याच्या मुळाशी आपली हरळी आहे. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो आणि धुऱ्यावरून मुळासकट उपटून फेकतो, तीच. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हरळीचा आफ्रिकेतल्या एका बारीक पातीच्या भाईबंदाशी संकर केला आणि टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ अशा जाती तयार केल्या. या संकराला बी धरत नाही. कांड्या रोवूनच तो वाढवावा लागतो. याच बर्टनने बाजरीवरही काम केले. त्याने काढलेला टिफ्ट २३ ए हा नर-वंध्य वाण भारतात आला आणि त्याच्यापासून १९६५मध्ये एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी प्रसारित झाली. महाराष्ट्रासह देशभर तिने उत्पन्न वाढवले. पुढे गोसावी रोगाने तिला गाठले, तेव्हा शास्त्रज्ञांना पुन्हा नव्याने कामाला लागावे लागले. श्रीमंतांच्या खेळाचे गवत आणि कोरडवाहू शेतकऱ्याची भाकरी एकाच माणसाच्या अभ्यासातून निघाली. गवत हा हलका विषय आहे असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

पाश्चात्त्य देशांत या कामाला प्रतिष्ठा आपोआप मिळाली नाही. राखणाऱ्यांनी ती मिळवली. अमेरिकेत १९२६च्या सप्टेंबरात ओहायो राज्यातील टोलीडो शहरात साठ ग्रीनकीपर एकत्र जमले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयात त्यांच्यासाठी हिवाळी वर्ग सुरू झाले. बर्फाने मैदान झाकले गेले की हे लोक माती, खते, कीड, निचरा यांचे शिक्षण घेत. हळूहळू ग्रीनकीपरचा सुपरिंटेंडंट झाला. क्लबच्या बैठकीत त्याला खुर्ची मिळाली, अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम मिळाली, आणि आज गवत कापू नका, आज खेळ बंद ठेवा, असे सांगण्याचा अधिकार मिळाला.

भारतात हा खेळ फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईत १८४२मध्ये क्लब निघाला. पुढे विलिंग्डन क्लब आला, १९२७मध्ये चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब. दोन शतकांच्या जवळ जाणारा हा इतिहास आहे. या क्लबांचे संस्थापक, अध्यक्ष, विजेते यांची नावे लाकडी फलकांवर सोनेरी अक्षरांत असतात. मुंबईच्या पावसात, पुण्याच्या उन्हात ती मैदाने पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवणारे माळी त्या फलकांवर सहसा नसतात. अनेक मैदानांवर उकिडवे बसून तण खुरपणाऱ्या बायाही नसतात. आपल्याकडे धानाची रोवणी ज्या हातांनी होते, तेच हे हात. कुठे मैदान गेले आणि नाव तेवढे उरले: नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही गोल्फ क्लब मैदान म्हणतात, आणि तिथे क्रिकेट चालते.

एका घराने मात्र ही भिंत ओलांडली. शिवशंकर प्रसाद चौरसिया, म्हणजेच एसएसपी चौरसिया, याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर होते. तो त्या मैदानाच्या आवारातच लहानाचा मोठा झाला आणि इतरांचा खेळ पाहून शिकला. २००८मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स स्पर्धा त्याने जिंकली, २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे लागोपाठ इंडियन ओपन जिंकली, २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये देशाकडून खेळला. राखणाऱ्याच्या घरी त्या जमिनीचे ज्ञान असतेच. त्याच्या लेकराला आत पाऊल टाकू दिले तर ते कुठपर्यंत पोहोचते, याचा हा पुरावा आहे. पण गुणी मुलगा खेळाडू झाला म्हणजे वडिलांच्या कामाचा सन्मान झाला, असे मानणे अपुरे आहे. वडिलांच्या कामाला त्याचा स्वतःचा मान हवा. २०२३च्या आशिया चषकात कोलंबोच्या पावसाशी झुंजणाऱ्या मैदान कर्मचाऱ्यांना मोहम्मद सिराजने अंतिम सामन्यातले आपले बक्षीस देऊन टाकले, तेव्हा देशभर कौतुक झाले. ते योग्यच होते. तरीही बक्षीस एका दिवसाचे असते आणि राखण बारा महिन्यांची.

आता आपल्या घराकडे वळू. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. मामा तलाव म्हणून आपण त्यांना ओळखतो. गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले, आणि त्यात कोहळी समाजाचे कसब सर्वमान्य आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. या भागात पाऊस बाराशे मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो. धान निसवण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली तर एका पाण्यासाठी हातातले पीक जाते. ते एक पाणी तलाव देत असे.

तलाव दिसायला स्थिर असतो, पण त्याची राखण मैदानाइतकीच रोजची असते. पाळीत खेकडा किंवा घूस बीळ करते. उन्हाळ्यात ते बोटभर दिसते. तेव्हाच खणून, चिकणमाती भरून, धुमसून बंद केले तर काम एका सकाळचे. तसेच राहिले तर भाद्रपदात तलाव भरल्यावर त्यातून आधी गढूळ पाण्याची धार निघते, आणि मग पाळ फुटते. पाळीवर उगवलेले झाड लहानपणीच उपटावे लागते. मोठे होऊन वठले की त्याची कुजलेली मुळे पाण्याला वाट देतात. सांडव्यात कचरा अडकता कामा नये. गाळ दरवर्षी थोडा थोडा काढून बांध्यांत टाकावा लागतो. यात अवघड काहीच नाही. फक्त रोज पाहणारा कोणी तरी असावा लागतो, आणि पाहिलेले दुरुस्त करण्याचा त्याला अधिकार असावा लागतो.

अशा माणसाची जागा महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीत पाटकरी, जागल्या, हवालदार अशा ठरलेल्या जागा होत्या, आणि त्यांचा मोबदला लाभधारक शेतकरी धान्यात देत. ती पद्धत सुमारे तीनशे वर्षे चालली. आमगावच्या उंबरठ्यावर आणखी एक उदाहरण आहे. १८८७मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने आपल्या स्टेशनवरून जाणारी लाइन ब्रॉडगेज केली, आणि आज हावडा-मुंबईच्या गाड्या तीवरून धावतात. त्या धावतात कारण कीमन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालून चाव्या ठोकतो, ट्रॅकमन खडी भरतो, पावसाळ्यात रात्री गस्त होते. गेज बदलला, कंपनी गेली, सरकार आले, डबे बदलले. ती जागा मात्र कोणी रद्द केली नाही. म्हणून रूळ टिकले. तलावाची जागा रद्द झाली, म्हणून तलाव उथळ झाले, त्यांत बेशरमाचे तण माजले, काठाने अतिक्रमणे आली.

आपली सवय बांधण्याची आहे. भूमिपूजनाला मंडप असतो, लोकार्पणाला कोनशिला असते. जलयुक्त शिवार झाले, २०१७मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली, यंत्रांनी गाळ उपसला गेला. ही कामे उपयोगाची होती. पण यंत्र निघून गेल्यावर दुसऱ्या वर्षीचा गाळ कोण पाहणार, याचे उत्तर योजनेत नसेल तर दहा वर्षांनी तीच योजना नव्या नावाने पुन्हा आणावी लागते. याउलट अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मासेमारांना सोबत घेऊन जे काम केले, ते राखणीच्या वाटेने जाणारे आहे. त्यांनी तलावांतली बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासे आणि पाखरे परतली. ज्यांचे पोट तलावावर आहे आणि ज्यांना तलाव कळतो, त्यांच्या हाती राखण देणे हाच यातला धडा आहे.

गोल्फचे उदाहरण देताना त्याच्यावरचा आक्षेपही स्पष्ट सांगितला पाहिजे. हा मोजक्या लोकांचा खेळ आहे आणि त्याला पाणी फार लागते. २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने ३० एप्रिलनंतर राज्याबाहेर हलवायला लावले. मैदानाची हिरवळ माणसांच्या तहानेपेक्षा मोठी नाही, हा संदेश न्यायालयाने दिला आणि तो बरोबर होता. तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक गोल्फ मैदानाने प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावरच जगले पाहिजे, अशी आमची भूमिका आहे. इथेही उपाय राखणाऱ्याच्याच हाती आहे. कमी पाण्यावर मुळे खोल कशी न्यायची, कोणता भाग पिवळा पडू द्यायचा, हे जाणकार ग्रीनकीपरला कळते. त्याला केवळ हुकूम पाळणारा मजूर मानणारा क्लब पाणी उधळतो. त्याचे ऐकणारा क्लब पाणी वाचवतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या प्रत्येक मामा तलावाला एक नेमलेला तलाव राखणदार असावा. त्याची निवड ग्रामसभेने करावी. लाभधारक शेतकरी आणि मच्छीमार संस्था यांच्याशी त्याने बांधील असावे, आणि वर्षभराचे मानधन त्याला जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातून मिळावे. तलावाच्या कोणत्याही नव्या कामाला मंजुरी देताना पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच कागदावर दाखवल्याशिवाय सही होऊ नये. आयटीआय आणि कृषी महाविद्यालयांनी माती, निचरा, गवत आणि पाणवनस्पती यांच्या राखणीचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. तो शिकलेला आमगावचा मुलगा किंवा मुलगी गावचा तलाव राखू शकेल, शाळेचे मैदान राखू शकेल, आणि पुण्या-मुंबईच्या गोल्फ मैदानावर गेली तर कंत्राटी हमाल म्हणून न जाता जाणकार म्हणून जाईल. मोठ्या क्लबांनीही आपल्या फलकांवर दीर्घकाळ सेवा केलेल्या माळ्यांची नावे लावावीत आणि त्यांची नोकरी कायम करावी.

आमगावजवळचे पदमपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचे जन्मगाव, असे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि त्या नावाचा आपण अभिमान बाळगतो. निर्माण करणाऱ्यांची आठवण ठेवण्यात आपण कमी पडलो नाही. राखणाऱ्यांच्या बाबतीत कमी पडलो, आणि त्याची किंमत प्रत्येक कोरड्या आश्विनात धानाच्या बांधीने मोजली. सेंट अँड्र्यूजला हे शहाणपण पन्नास पौंडांत मिळाले. आपल्याला ते फार महाग पडले आहे, पण अजून उशीर झालेला नाही. पाळी उभ्या आहेत, पाण्याच्या वाटा ठाऊक असलेली माणसे गावागावांत आहेत, आणि येत्या पावसाळ्याआधी ग्रामसभा भरणारच आहे. पहिली नेमणूक तिथेच होऊ शकते.